जळालेल्या इंधनाचा मालक कोण?

परळीत लहानपण गेलेल्या माणसाला राखेबद्दल नवं काही सांगावं लागत नाही. वैजनाथाच्या गावात भस्माला मान आणि थर्मलच्या राखेला भाव, हे दोन्ही आम्ही एकाच वयात शिकलो. वाळत घातलेले कपडे घरात आणण्याआधी झटकून घ्यायचे, राखेच्या तळ्याकडून वारा सुटला की खिडक्या लावायच्या, रस्त्याने राखेचा हायवा चालला असेल तर मोटरसायकल बाजूला घेऊन थांबायचं. ही राख वीटभट्टीला लागते, सिमेंटला लागते, तिच्यावरून भांडणं होतात, राजकारण होतं. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगितलं तर तो हसतो. पण या राखेला जगभर चालणारा एक नंबर आहे, हे मला परळीत नव्हे, मुंबईत कळलं.

नोकरीची सगळी वर्षं मी एका क्लिअरिंग एजंटकडे काढली. आधी बॅलार्ड इस्टेट, मग न्हावा-शेवा. काम कागदांचं. जहाजातून आलेल्या मालाची बिल ऑफ एंट्री भरायची, माल कुठल्या नंबरात बसतो ते ठरवायचं, ॲप्रेझरला शंका आली तर टॅरिफचं जाडजूड पुस्तक काखेत घेऊन त्याच्या टेबलासमोर उभं राहायचं. जीएसटी आल्यापासून हा नंबर आता गावातल्या कृषी केंद्राच्या बिलावरही दिसतो, एचएसएन म्हणून. कापूस ५२०१, सोयाबीन १२०१. या पद्धतीचा कारभार ब्रुसेल्सहून चालतो आणि १९८८ पासून ती जगात लागू आहे. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे. आपण पुढे दोन लावून आठ करतो. कोळशाची राख २६२१ मध्ये येते.

राखेच्या पुढे दोनच प्रकरणं गेलं की २८४४ येतं, किरणोत्सारी पदार्थांचं. त्यातली शेवटची ओळ २८४४ ५०: अणुभट्टीतून बाहेर काढलेलं, वापरलेलं इंधन. माझ्या हातून या नंबरची एकही बिल ऑफ एंट्री गेली नाही आणि माझ्या ओळखीतल्या कुणाच्याही हातून गेली नसणार. पण पावसाळ्यात काम थंड असलं की मी पुस्तक नुसतं वाचत बसायचो, आणि या ओळीपाशी दर वेळी थांबायचो.

थांबायचो, कारण या मालाचं कागदावरचं आयुष्य फार विचित्र आहे. नवं, न वापरलेलं अणुइंधन ८४०१ ३० मध्ये येतं. चौऱ्याऐंशीवं प्रकरण यंत्रांचं. आपल्या विहिरीवरचा पंप, जिनिंगची मशीन, हे सगळं ज्या प्रकरणात त्याच प्रकरणात अगदी पहिल्या मथळ्याखाली अणुभट्टी आणि तिचं इंधन. म्हणजे इंधन देशात येतं ते यंत्राचा भाग म्हणून. भट्टीत काही काळ जळलं, बाहेर काढलं, की तीच वस्तू यंत्रांतून उठते आणि अठ्ठाविसाव्या प्रकरणात, गंधकाचं तेजाब आणि तुरटीच्या शेजारी, रसायन म्हणून जाऊन बसते. टॅरिफमध्ये त्यासाठी खास टीप आहे: २८४४ च्या वर्णनात बसणारी वस्तू त्याच मथळ्यात जाईल, दुसरीकडे कुठेही नाही. यातून सुटका फक्त किरणोत्सारी खनिजांना. टॅरिफमधल्या बहुतेक टिपांवर वकील लोक पोट भरतात. या टिपेवर वाद घालायला जागाच नाही.

नंबर असा पक्का. बाकीचे रकाने मात्र भरताना माझ्यासारख्याला घाम फुटावा. किमतीचा रकाना घ्या. सीमाशुल्क कायद्याचं कलम १४ सांगतं की मालाची किंमत म्हणजे घेणाऱ्याने देणाऱ्याला दिलेला किंवा द्यायचा पैसा. इथे पैसा उलटा वाहतो. ज्याचं इंधन तोच घेणाऱ्याला पैसे देतो, की बाबा हे ने, साठव, नाहीतर त्यावर प्रक्रिया कर. म्हणजे देणाराच गिऱ्हाईक. मग इन्व्हॉइसवर आकडा कोणता लिहायचा, आणि त्याच्यावर शुल्क कशाचं बसवायचं? वजनाचा रकाना घ्या. हा माल ज्या पोलादी पिंपांतून जातो त्यांचं वजन शंभर टनांच्या आसपास, आत इंधन काही टन. वेष्टन मालाच्या दहापट जड असलेली कन्साइनमेंट मी तरी दुसरी पाहिलेली नाही. आणि सगळ्यात अवघड रकाना मूळ देशाचा. इतर मालाचं मूळ एकदा शुल्क भरलं की मागे पडतं. अणुइंधनाचं पडत नाही. युरेनियम ज्या देशाचं, त्याच्या अटी त्या इंधनाला चिकटून येतात आणि ते जळून गेल्यावरही सुटत नाहीत.

हे पुस्तकी वाटत असेल तर तारापूरला चला. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघरमध्ये आहे.

८ ऑगस्ट १९६३ ला भारत आणि अमेरिकेत करार झाला, मुदत तीस वर्षं. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन भट्ट्या बसल्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र सुरू झालं. आशियात अशी व्यावसायिक अणुवीज जवळपास कुठेच नव्हती तेव्हाची ही गोष्ट. करारात लिहिलं होतं की या भट्ट्या अमेरिकेच्याच इंधनावर चालतील आणि ते पुरवण्याची जबाबदारी अमेरिकेची. जळालेल्या इंधनाचं काय? त्यावर पुनर्प्रक्रिया करायची तर देखरेख नीट ठेवता येईल अशी दोन्ही देशांनी मिळून खात्री करायची आणि मग करायची. वाचायला किती साधं! भारताने तारापूरलाच पुनर्प्रक्रियेचा कारखाना उभारला. ती संयुक्त खात्री मात्र अमेरिकेने कधी दिली नाही.

मधे १९७४ चं पोखरण झालं. १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्र प्रसारबंदीचा नवा कायदा केला आणि तो जुन्या करारांनाही लावला. १९८० मध्ये तारापूरसाठी ३८ टन इंधन पाठवायचं होतं तर त्यांच्या अणुनियामक आयोगाने परवाना नाकारला, अध्यक्ष कार्टर यांनी तो आपल्या अधिकारात दिला, प्रतिनिधिगृहाने विरोधात मत दिलं आणि सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांनी ते इंधन सुटलं. ३८ टन म्हणजे किती? आमच्या उसाचे दोन-तीन ट्रक. एवढ्या मालासाठी अमेरिकेची संसद दोन मतांवर आली. त्यानंतर अमेरिकेने हात आखडले. १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्यात तोडगा निघाला की इंधन फ्रान्स देईल. पुढे १९९५ मध्ये चीनने दिलं, नंतर रशियाने. इंधन द्यायला कुणी ना कुणी मिळत गेलं. जळालेलं न्यायला कुणीच आलं नाही. अमेरिकेने ते परत नेलं नाही, आणि आपण त्याला हात लावावा हेही तिला मान्य नव्हतं. १९९३ ला करार संपला तरी वाद संपला नाही. भट्टीच्या तळ्यात जागा कमी पडू लागली म्हणून तारापूरला वेगळं साठवणघर बांधावं लागलं.

२००८ च्या अणुकराराचं श्रेय घ्यायला दिल्लीत गर्दी झाली होती. त्या करारात अमेरिकेने पुनर्प्रक्रियेला तत्त्वतः संमती दिली खरी, पण त्यासाठी वेगळा, आंतरराष्ट्रीय देखरेखीखालचा खास कारखाना उभारण्याची अट घातली. त्याची कार्यपद्धती ठरवायला जुलै २०१० उजाडला. १९६३ ला जे एका वाक्यात भागवलं होतं ते कागदावर नीट लिहायला सत्तेचाळीस वर्षं लागली, आणि तरीही ती फक्त कार्यपद्धती.

मला यात कुणाला खलनायक करायचं नाही. १९६३ मध्ये आपल्याला वीज हवी होती, परकीय चलन नव्हतं, आणि जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम काढून पुढच्या टप्प्याच्या भट्ट्या चालवायच्या हे डॉ. होमी भाभांचं गणित होतं. त्या गणितात जळालेलं इंधन म्हणजे पुढच्या पिढीचा कच्चा माल. शास्त्राच्या हिशोबाने ते चूकही नाही. साध्या पाण्याच्या भट्टीतून निघालेल्या इंधनात पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास युरेनियम शिल्लकच असतं, एखादा टक्का प्लुटोनियम असतं, उरलेले तीन-चार टक्के खरे जहाल. त्यामुळे थर्मलच्या राखेसारखी ही राख नव्हे असं अणुशास्त्रज्ञ सांगतात, तेव्हा मी मान डोलावतो. माझी शंका व्यापाराची आहे. ज्याला तुम्ही खजिना म्हणता तो उचलायला जगात कुणी पैसे देऊन पुढे येत नाही, उलट पैसे घेऊनही बहुतेक देश नको म्हणतात. क्लिअरिंगच्या धंद्यात अशा मालाला आम्ही खजिना म्हणत नाही. तो बंदरात पडून राहतो आणि डॅमरेज चढत जातं.

रशियाचं उदाहरण बघा. १९८८ मध्ये राजीव गांधी आणि गोर्बाचेव्ह यांनी कुडनकुलमचा करार केला तेव्हा जळालेलं इंधन सोव्हिएत युनियनने परत न्यायचं ठरलं होतं. १९९८ मध्ये सुधारित करार झाला आणि ते भारतातच राहील असं झालं. प्लुटोनियम आपल्याला हवं होतं म्हणून आपण ते राजीखुशीने ठेवून घेतलं. मग २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं तेव्हा प्रश्न आला की ते ठेवणार कुठे. पाच वर्षांत भट्टीपासून दूर साठवणघर बांधायचं ठरलं, ते झालं नाही, मुदत वाढवून घ्यावी लागली. आता शेजारी बांगलादेशात बघा. रूपपूरला तोच रशिया भट्ट्या बांधतोय, आणि २०१७ च्या करारात जळालेलं इंधन रशिया परत नेईल असं लिहून घेतलंय. विकणारा एकच, गिऱ्हाईकं दोन. एकाने माल परत करण्याची अट ठेवली, दुसऱ्याने सोडली. कोण शहाणं ठरलं ते आणखी पन्नास वर्षांनी कळेल. पण बांगलादेशच्या माणसाला विचारलं की तुमच्या जळालेल्या इंधनाचा मालक कोण, तर त्याच्याकडे निदान एक कागद आहे.

बाकीच्या जगातही या २८४४ ५० ची ये-जा एवढीच. जपानने काही दशकं हजारो टन जळालेलं इंधन समुद्रमार्गे इंग्लंड आणि फ्रान्सला पुनर्प्रक्रियेला पाठवलं. १९९५ मध्ये फ्रान्समधून काचेत कोंडलेला जहाल कचरा घेऊन एक जहाज जपानकडे निघालं तेव्हा वाटेतले देश आपल्या किनाऱ्याजवळून जाऊ नका म्हणून ओरडत होते. फ्रान्सचा कायदाच आहे: दुसऱ्याच्या इंधनावर प्रक्रिया करू, पण त्याचा कचरा आमच्या जमिनीत राहणार नाही. जर्मनीतून गेलेल्या इंधनाचा कचरा रेल्वेने जर्मनीत परत आला, तेव्हा लोक रुळांवर झोपले. तैवानने १९९७ मध्ये आपला कमी तीव्रतेचा अणुकचरा चक्क उत्तर कोरियाला द्यायचा सौदा केला होता; दक्षिण कोरियात गदारोळ झाला आणि तो माल गेलाच नाही. विषारी कचऱ्याच्या व्यापारावर लगाम घालणारा १९८९ चा बाझल करार आहे, पण किरणोत्सारी कचरा त्यातून वगळलेला. त्यासाठी वेगळा आंतरराष्ट्रीय करार २००१ पासून लागू आहे. भारत त्यात सामील नाही.

फिनलंडचं मात्र मला कौतुक वाटतं. तेही आपल्या एका केंद्रातलं जळालेलं इंधन रशियाला पाठवत होते. १९९४ मध्ये त्यांनी कायदा केला की आपली राख आपणच सांभाळायची, आणि १९९६ नंतर पाठवणं बंद. मग खडकात चारशे मीटरच्या वर खोल बोगदे खोदायला घेतले. खर्चाचा पैसा वीज कंपन्यांकडून आधीच गोळा केला. निर्यातीचा दरवाजा स्वतःहून बंद केला म्हणून घरातली जागा शोधणं भाग पडलं. श्रीमंत देश, थोडी लोकसंख्या, कठीण खडक, सगळं मान्य. पण क्रम बघा: आधी पैसा आणि जबाबदारी, मग बोगदा.

आणि अमेरिका? जिने तारापूरच्या इंधनावर आपला शब्द चालवला, तिची स्वतःच्या घरातली कथा मराठी वाचकाने जरूर वाचावी. १९८२ मध्ये कायदा केला की वीज कंपन्यांनी दर युनिटमागे सेंटचा दहावा भाग सरकारला द्यायचा, आणि ३१ जानेवारी १९९८ पासून सरकार त्यांचं जळालेलं इंधन उचलणार. तारीख गेली. नेवाडातल्या युका डोंगरात जागा ठरली होती ती राजकारणात अडकली. कंपन्या कोर्टात गेल्या, आणि आजवर तिथल्या करदात्यांच्या खिशातून अब्जावधी डॉलरची भरपाई गेली आहे. इंधन जागच्या जागीच, केंद्रांच्या आवारात.

ही कथा आता आपल्याकडे सुरू होतेय म्हणून एवढं लिहिलं. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचं लक्ष्य आलं, छोट्या भट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी ठेवले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ नावाचा कायदा केला, १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा मोडीत निघाले, आणि खासगी कंपन्यांना अणुवीज केंद्रं उभारायचं दार उघडलं. जळालेल्या इंधनावरची पुनर्प्रक्रिया मात्र केंद्र सरकारच्याच हातात ठेवली. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. प्लुटोनियम कुणा कंपनीच्या गोदामात नको. पण हिशोबाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? वीज विकणार कंपनी, राख सांभाळणार सरकार. मग त्या सांभाळण्याचे पैसे कंपनी किती देणार, कधी देणार, आणि भट्टी बंद पडल्यानंतरच्या वर्षांचे कोण देणार? १९९८ च्या अमेरिकेचा धडा हाच आहे की ‘सरकार उचलेल’ एवढं लिहिलं की उचलण्याचं बिल शेवटी लोकांच्या नावावर फाटतं.

छोट्या भट्ट्यांबद्दल बोलताना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या २२० मेगावॉटच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात. त्यात इंधनाचे हातभर लांबीचे जुडगे असतात, एकेक साधारण पंधरा किलोचा, आणि भट्टी चालू असतानाच रोज सात-आठ जुने काढून नवे भरतात. नैसर्गिक युरेनियम लवकर थकतं. त्यामुळे या छोट्या भट्टीतून वर्षाला ढोबळमानाने तीस टनांच्या वर जळालेलं इंधन निघतं, जे परदेशी बनावटीच्या हजार मेगावॉटच्या भट्टीएवढं आहे. थर्मलच्या राखेशी तुलना केली तर हे काहीच नाही. हजार मेगावॉटचं कोळसा केंद्र वर्षाला लाखो टन राख ओकतं. पण ‘छोटी भट्टी म्हणजे छोटी राख’ हा समज बरोबर नाही. आणि या टनांना हायवात भरून वीटभट्टीवर नेता येत नाही.

जुन्या, बंद झालेल्या कोळसा केंद्रांच्या जागी या छोट्या भट्ट्या बसवायचा विचार केंद्र सरकारने बोलून दाखवलाय. जागा तयार, वीजवाहिन्या तयार, कर्मचारी तयार. परळीबद्दल असा काही निर्णय झालाय असं मी म्हणत नाही. पण परळीत जुने संच भंगारात गेलेत, २५० मेगावॉटचे तीन नवे आहेत, त्यांनाही वय आहे, आणि नोकऱ्यांची भूक आहे. उद्या कुणी नकाशावर बोट ठेवलं तर आमच्याकडे पहिल्या दिवशी पेढे वाटले जातील. म्हणून आताच सांगतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचं थर्मल बंद ठेवावं लागलं. जुलै २०१५ मध्ये पुन्हा. खडका बंधारा आटला, माजलगावात पाणी नाही, वीजनिर्मिती शून्य. ज्या वर्षी मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला पाजलं ते याच्या पुढचं वर्ष. कोळशाचं केंद्र पाण्याविना बंद करता येतं, राख तळ्यात गप्प पडून राहते. भट्टीतून काढलेलं इंधन बंद करता येत नाही. भट्टी थांबली तरी ते काही वर्षं पाण्याखाली ठेवावंच लागतं आणि ते पाणी सतत थंड राखावं लागतं. नंतर ते कोरड्या पिंपात ठेवता येतं, पण आधीची वर्षं चुकत नाहीत. दर तीन-चार वर्षांनी टँकरच्या फेऱ्या मोजणाऱ्या जिल्ह्यात हे तळं कुणाच्या वाट्याच्या पाण्यावर भरायचं, याचं उत्तर भूमिपूजनाआधी मिळालं पाहिजे.

मी अणुविजेच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. आयुष्याची पहिली वीस वर्षं मी कोळशाची राख श्वासात घेतली आहे. तिचे लाड मला ठाऊक आहेत. माझी तक्रार एवढीच की येणाऱ्या मालाचे कागद आपण फार मन लावून करतो आणि जाणाऱ्याचे करतच नाही. भंगाराचं बघा. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांसाठी परदेशी भंगार येतं. त्या प्रत्येक कंटेनरसोबत निघण्याआधीच तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, की यात दारूगोळा नाही, किरणोत्सार नाही. ते कागद मी ढिगाने हाताळलेत. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत एका विद्यापीठाचं जुनं कोबाल्टचं उपकरण भंगारात गेलं, एक माणूस मेला, तेव्हापासून तर बंदरात सगळेच दक्ष झाले. आणि मायापुरीचा माल परदेशी नव्हताच! घरातलाच होता, कागद नसलेला. बाहेरून येणाऱ्या भंगारातल्या किरणोत्साराला एवढं जपणाऱ्या देशाने, स्वतःच मागवलेलं इंधन जळाल्यावर कुठे जाणार याचा एक कागद आधी मागू नये?

तो कागद मागणं अवघड नाही. परदेशी इंधनाची पहिली खेप ८४०१ ३० म्हणून बंदरात उतरेल, त्याआधी करारात २८४४ ५० ची बाजू लिहिलेली असावी: परत जाणार की इथे राहणार, राहणार तर किती वर्षं भट्टीच्या आवारात, नंतर कुठे, मूळ देशाची संमती आधीच घेतली की पुन्हा तारापूर. युनिटमागे सांभाळणुकीची रक्कम ठरावी आणि ती वेगळ्या निधीत पडावी, सरकारच्या रोजच्या खर्चात मिसळू नये. यातलं काही गुप्ततेच्या आड येत नाही. किंमत आणि मुदत सांगितल्याने बॉम्बचं रहस्य फुटत नाही.

आणि आकडे छापा. परळीच्या थर्मलने वर्षाला किती राख काढली आणि किती खपली याचा तक्ता केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशभरच्या केंद्रांसोबत प्रसिद्ध करतं. गावातला कुणीही तो काढून वाचू शकतो, आणि वाचतात, म्हणून तर भांडतात. जळालेल्या अणुइंधनाचा असा केंद्रनिहाय तक्ता आपल्याकडे लोकांसमोर येत नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांमधून निघालेला एकेक जुडगा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक मोजून जातात. म्हणजे व्हिएन्नाला हिशोब माहीत आहे. पालघरला नाही. ज्यांची गावं पुढच्या दोन भट्ट्यांसाठी उठवली त्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या माणसांना तर अजिबात नाही.

आमच्या जिल्ह्याच्या खासदारांना मी पत्र पाठवलंय. त्यात मागणी एकाच तारांकित प्रश्नाची आहे: आजच्या तारखेला देशात प्रत्येक अणुवीज केंद्राच्या आवारात जळालेलं इंधन किती टन आहे, त्यातलं किती कुठल्या देशाच्या अटींखाली अडकलंय, आणि नव्या कायद्याखाली येणाऱ्या कंपनीने त्याच्या सांभाळणुकीसाठी युनिटमागे किती पैसे भरायचे ठरलंय. प्रश्नाचा मसुदा मीच टाइप करून जोडलाय, नंबरांसकट.